नवऱ्याने जेवता जेवता 'हो' म्हणून टाकलं, आता मी काय करू?

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून. लिहिणारी मूळची सांगलीकडची, सॅन होजेला आयटीत. नवरा कॅलिफोर्नियातच जन्मलेला, पण माणसं सगळी मेक्सिकोतल्या मिचोआकानची. सासरे शेतमजूर म्हणून आले, १९८६ मध्ये रेगनच्या काळात बिनकागदाच्या लोकांना जी माफी झाली त्यात त्यांना इथे राहायचे कागद मिळाले, अजून ग्रीनकार्डवरच आहेत, सॅलिनासला राहतात. मोठी नणंद तेव्हा गावी आजीकडे राहिली होती, ती मोठी झाल्यावर आपली आपण आली, तिच्याकडे कागद नाहीत आणि तिच्या जोडीदाराकडेही नाहीत. त्यांना मुलगी १४ ची, मुलगा ८ चा, दोघं इथेच जन्मलेले. गेल्या महिन्यात रविवारी सासरी जेवताना नणंदेने विचारलं, आम्हाला दोघांना इमिग्रेशनवाल्यांनी उचललं तर मुलं तुमच्याकडे राहतील ना, तुमची नावं लिहून ठेवू ना? नवरा घास गिळायच्या आत म्हणाला, हो, त्यात विचारायचं काय. बायकोकडे बघितलंही नाही. तेव्हापासून घरात धुसफूस. तिचं म्हणणं: घर दोन बेडरूमचं, आमचा मुलगा ५ वर्षांचा, माझं सिटिझनशिपचं अजून व्हायचंय, यात मी अडकले तर? नणंदेने साधं लग्नसुद्धा केलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला हॉल घेऊन मोठा कार्यक्रम करायचाय म्हणे. नवरा गावच्या आजीला दर महिन्याला पैसे पाठवतो ते वेगळंच. "ताई, या लोकांना आपलं घर आणि बाकीचे यात फरकच कळत नाही. नाही म्हटलं तर मी वाईट, हो म्हटलं तर माझ्या मुलाचं काय?" आणि शेवटी एक ओळ, ताजा कलम म्हणून: भाची मागच्या वेळी आली तेव्हा आमच्या बाथरूमच्या कपाटात स्वतःचा टूथब्रश ठेवून गेली, तो टाकू की ठेवू कळत नाहीये.

टूथब्रश ठेव. बाकीचं सावकाश बोलू.

आधी तुझी भीती काढून टाकू, कारण ती डोक्यात असली की माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही. दोन्ही मुलं अमेरिकन नागरिक आहेत. नवऱ्याच्या सख्ख्या भाचरांना घरी ठेवलं, शाळेत घातलं, दवाखान्यात नेलं, यात बेकायदा काही नाही आणि त्यामुळे तुझ्या ग्रीनकार्डाला किंवा सिटिझनशिपच्या अर्जाला धक्का लागायचं कारण नाही. कॅलिफोर्नियात यासाठी एक साधा फॉर्म असतो, केअरगिव्हर्स ऑथरायझेशन ॲफिडेव्हिट. मूल ज्याच्या घरी राहतंय त्या नातेवाइकाने भरायचा, सही करायची, कोर्टात जायचं नाही, नोटरीकडे जायचं नाही. त्याच्यावर शाळेत नाव घालता येतं आणि उपचारांना संमती देता येते. आईबापाचे हक्क त्याने जात नाहीत, मुलं कायद्याने तुमची होत नाहीत. आणि सही मुलं तुमच्याकडे प्रत्यक्ष राहायला येतील तेव्हाच करायची, म्हणजे आज तुझ्यासमोर ठेवलेला असा कुठला कागद नाहीच ज्याच्यावर तू घाबरून सही करायला पाहिजे. कोर्टातून घ्यायची गार्डियनशिप हे वेगळं प्रकरण, लांबचं, वकील लावून करायचं, आणि ते तुझ्याकडे कुणी मागितलेलंही दिसत नाही. तरी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी तासभर बोलून घ्या, नणंदेलाही सोबत न्या. फक्त 'नोटारिओ' असा बोर्ड लावून बसलेल्या माणसाकडे जाऊ नका, तो इथे वकील नसतो, आणि अशा लोकांनी चुकीचे अर्ज टाकून कितीतरी कुटुंबं कायमची अडकवून ठेवलीत. वकिलाचं नाव कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारच्या साइटवर टाकून बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता लग्नाचं. हे तुला जेवढं खुपतंय तेवढं तू नवऱ्याला सांगितलं नसशील पण पत्रात दोनदा आलंय. मेक्सिकोत लग्न न करता संसार करणं, उनिऑन लिब्रे म्हणतात त्याला, हे काही कालचं फॅड नाही, त्यांच्या जनगणनेतसुद्धा त्याचा वेगळा रकाना असतो. पण तुझ्या नणंदेच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. तू लिहिलंयस की सासऱ्यांनी तिच्यासाठी फार वर्षांपूर्वी ग्रीनकार्डाची फाईल टाकलीय आणि ती हलत नाही. ग्रीनकार्डवाल्या बापाला मुलीसाठी फाईल टाकता येते ती मुलगी अविवाहित असेपर्यंतच. बाप सिटिझन व्हायच्या आत तिने लग्न केलं की फाईल तिथल्या तिथे रद्द, आणि मेक्सिकोसाठी ही रांग दोन दशकांच्या घरातली आहे. म्हणजे ती बाई रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून लग्न करत नसेल असं तर नाही ना? असेलच असं मी म्हणत नाही, पण अशी जोडपी मी बघितलीत, चर्चमध्ये जातात, मुलांचे बाप्तिस्मे करतात, आणि लग्नाचा विषय निघाला की गप्प होतात. विचार तिला एकदा, रागाने नको, चहा पिताना.

आणि 'मग हे लोक रीतसर कागद का करून घेत नाहीत' हे तू नवऱ्याला ऐकवलंस म्हणतेस, तर त्याचंही सांगते. सीमा चोरून ओलांडून आलेल्या माणसाला बहुतेक वेळा इथे बसून ग्रीनकार्ड मिळत नाही, देशाबाहेर जाऊन घ्यावं लागतं. आणि १९९६ च्या कायद्यानुसार वर्षाच्या वर बिनकागदाचं राहिलेलं माणूस बाहेर गेलं की परत यायला १० वर्षांची बंदी. त्यातून सूट मागता येते पण ती कुणाला आणि कशी मिळते हे वकिलाशिवाय कळणाऱ्यातलं नाही. पोरगी अमेरिकन आहे म्हणून आईला कागद मिळतात हाही गैरसमज, मुलगी २१ ची झाल्यावर अर्ज टाकू शकते आणि तेव्हाही तीच बंदी आडवी येते. आपल्याकडची पोरं-पोरी एच-वनवर ग्रीनकार्डाची वाट बघत केस पांढरे करतायत, त्यांना रांग म्हणजे काय हे सांगायला नको. फरक एवढाच की त्या रांगेत उभं राहताना आपण पगार घेतो आणि विमानाने सांगलीला जाऊन येतो.

'हे लोक' हा शब्दही जरा बाजूला ठेवूया. लॅटिनो म्हणून एक गठ्ठा नसतो. पोर्तो रिकोचा माणूस जन्मतःच अमेरिकन नागरिक, क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ पासून स्वतंत्र कायदा, एल साल्वादोरच्या कित्येकांना २००१ च्या भूकंपानंतर तात्पुरतं संरक्षण मिळालं आणि ते तात्पुरतंच राहिलं. सॅलिनासच्या शेतांत तर ओआहाकाकडून आलेली अशी माणसं आहेत ज्यांची बोली मिश्टेको नाहीतर त्रिकी, स्पॅनिशसुद्धा त्यांना परकीच. तुझी नणंद म्हणजे एक विशिष्ट बाई आहे, विशिष्ट फाईलमध्ये अडकलेली.

घर आणि बाकीचे यातला फरक मात्र त्यांना कळत नाही असं मला तुझ्याच पत्रावरून वाटत नाही. तूच लिहिलंयस की २०२० ला तुझं बाळंतपण झालं तेव्हा विमानं बंद, आई येऊ शकली नाही, आणि सासू सॅलिनासहून पातेली घेऊन आली ती ४० दिवस राहिली, तुला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही, रोज कोंबडीचा काल्दो म्हणजे रस्सा, डोक्याला रुमाल. क्वारेंतेना म्हणतात त्या त्याला, तू म्हणालीस अगदी आपला सव्वा महिना. आणि आता तुझे आई-बाबा दर उन्हाळ्यात सहा-सहा महिने येतात, तेव्हा मुलगा तुमच्या खोलीत झोपतो, त्याच दोन बेडरूमच्या घरात. त्याबद्दल नवरा काही बोलतो का? पत्रात तरी नाही. तू त्याला दर वेळी विचारून तिकिटं काढतेस का? मी टोमणा मारत नाहीये गं, तुम्ही दोघंही एकाच चालीने वागताय, फक्त आपापल्या बाजूला, एवढंच दिसतंय मला. गावच्या आजीला जाणाऱ्या पैशांचंही तेच. बाहेरून येणाऱ्या पैशात जगात पहिला नंबर भारताचा आणि दुसरा मेक्सिकोचा आहे, त्यात तुमच्या घरातले दोघंही असणार. महिन्याचा एक आकडा ठरवा, दोन्हीकडचा मिळून, आणि त्या विषयावरचं भांडण तिथे संपवा.

आता खरं दुखणं. नवऱ्याने तुझ्याकडे बघितलं नाही.

त्याचं चुकलं, यात मला काही शंका नाही. पण त्या टेबलाशी काय होतं ते डोळ्यासमोर आण. आई बसलीय, बाप बसलाय, बहीण तोंडातून शब्द बाहेर पडत नसताना विचारतेय, बहुधा ती दोन्ही पोरं शेजारच्या खोलीत आहेत आणि ऐकतायत. तिथे तो 'आम्ही विचार करून सांगतो' म्हणाला असता तर ते नाही म्हणूनच ऐकलं गेलं असतं, आणि ही त्याच्या पाठची नाही, त्याच्या पुढची बहीण, जिला मागे गावात ठेवून त्याला इथे जन्माला घातलं. त्याला कागद जन्मतः मिळाले, तिला नाही. या गोष्टीचं ओझं तो बोलून दाखवत नसेल पण 'हो' त्याच्यातून आलेलं आहे. तिथे हो म्हणण्याबद्दल त्याला माफ कर. मात्र गाडीत बसल्यावर, परतीच्या तासाभरात, त्याने तुझ्याकडे वळून 'मी हो म्हणालो, आता आपण हे कसं करायचं' असं विचारायला हवं होतं, ते त्याने महिनाभर केलेलं नाही, आणि तुझं भांडण त्या गाडीतल्या गप्प बसण्याशी आहे. तेवढंच भांड. भाचरांना मध्ये ओढलंस तर तो बहिणीची बाजू घेणार आणि तुझा मूळ मुद्दा वाहून जाणार.

आणि मग विचारायचा तो प्रश्न असा: मुलांना सांभाळायचं म्हणजे नेमकं काय? पहिली रात्र? दोन महिने? की दोन्ही आईबाप मिचोआकानला पोचले आणि मुलगी म्हणाली मला माझी शाळा संपवायचीय, म्हणजे चार वर्षं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही तिन्हींना एकाच 'हो' किंवा 'नाही'त कोंबताय. मला तर वाटतं पहिल्या रात्रीसाठी तुम्ही बरोबर माणसं आहात, तुम्हाला फोन आला की गाडी काढून निघणारी, इंग्रजी येणारी, कागद असणारी. पण दोन महिन्यांसाठी? सॅलिनास ते सॅन होजे साठेक मैल. आई गेली, आणि त्याच आठवड्यात शाळा, मैत्रिणी, फुटबॉल, आजी-आजोबा सगळंच गेलं, असं कशाला करायचं? मुलीला बाप्तिस्म्याची मादरिना, म्हणजे धर्ममाता, असेल ना कुणीतरी, बहुतेक वेळा जवळच राहणारी असते. या नात्यात गंमत अशी की मादरिना-पादरिनो ही नावाला नसतात, आईबाप नसले तर मुलाला बघायचं हे त्यात धरलेलंच असतं. त्या बाईला तुम्ही कुणी विचारलंय का? कदाचित मुलं तिच्याकडे किंवा सासू-सासऱ्यांकडे सॅलिनासलाच राहतील, आणि शाळेशी बोलणं, दवाखान्याचे फॉर्म, वकील, पैसे, शनिवार-रविवार हे तुमच्याकडे येईल. हा पूर्ण हो आहे, अर्धा नाही. आणि लांबच्या चार वर्षांचं आज कुणीच वचन देऊ नका, तेव्हा मुलगी स्वतः सांगण्याइतकी मोठी असेल.

ती आजही आहे खरं तर. तुमच्या दोघांच्या भांडणात तिला कुणी काही विचारलेलं मला दिसलं नाही आणि ती मात्र ब्रश ठेवून गेलीय. १४ वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. ही पोर आईच्या दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते असं तू ओझरतं लिहिलंयस, 'किती हुशार' म्हणून. हुशार आहेच, पण जरा विचार कर, डॉक्टर गाठीबद्दल, रक्ताबद्दल, कदाचित आईच्या पाळीबद्दल बोलतोय आणि ते पोरगी आईला सांगतेय, आणि सांगताना काय गाळायचं तेही तीच ठरवतेय. घरमालकाची नोटीस तीच वाचते, विजेच्या कंपनीच्या फोनवर आई म्हणून तीच बोलते. शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना अशी मुलं मला कायम भेटत आलीत, मार्क चांगले असतात, शिक्षकांना त्रास नसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. सोमवारी पोटात दुखतं. वर्गात मोबाईल मांडीवर, आईचं लोकेशन उघडलेलं, ठिपका पॅकिंग शेडवर आहे ना बघायला. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषी फुकट द्यावा लागतो, आणि अगदी जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलाकडून ते काम करून घेऊ नये असा नियम आहे. नणंदेला संकोच वाटतो मागायला, तर अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी तू फोन करून सांग, स्पॅनिशचा दुभाषी हवाय. हे काम तुला आजपासून करता येईल आणि त्याला दोन बेडरूम आड येत नाहीत.

तिच्याशी बोलताना 'काही होणार नाही' असं म्हणू नकोस, तिला ते खोटं वाटेल आणि मग ती तुला काही सांगणार नाही. तिला माहिती हवी असते: फोन कुणाला करायचा, धाकट्याला शाळेतून कोण आणणार, किल्ली कुठे आहे. शाळेतल्या आणीबाणीच्या कार्डावर तुम्हा दोघांची आणि मादरिनाची नावं नंबरासकट घालून घ्या, त्याला कुणाचे कागद लागत नाहीत. शाळेची भीती नणंदेला वाटत असेल तर सांग, १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या टेक्ससच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, आणि कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्याने शाळांनी मुलांच्या-पालकांच्या इमिग्रेशनच्या चौकश्या करायच्या नाहीत असं आहे. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, चर्च इथे कारवाई टाळायचं जुनं केंद्रीय धोरण काढून टाकलं, त्यामुळे लोक घाबरलेत ते उगाच नाही. पण शाळा बुडवणं हा त्यावरचा उपाय नाही.

तुझ्या मुलाला काय सांगायचं? त्याला फार काही नको. दीदी आणि दादा कधीतरी आपल्याकडे राहायला येतील, एवढं पुरे. मामाच्या घरी भाचरं राहणं हे सांगलीत वाढलेल्या बाईला मी काय समजावू.

पंधराव्या वाढदिवसाबद्दल, ती किन्सेआन्येरा. खर्च एकटी नणंद करत नसते, कुणी केकचा पादरिनो, कुणी ड्रेसची मादरिना, कुणी हॉल, कुणी बूट, असं सगळ्या गोतावळ्यात वाटलेलं असतं, म्हणूनच एवढं मोठं दिसतं. तुम्हालाही विचारतील. जेवढं झेपेल तेवढं एक काहीतरी घ्या आणि बाकी नाक मुरडू नकोस, त्या पोरीच्या वाट्याला पुढच्या वर्षात वकील आणि फॉर्म सोडून दुसरं काहीतरी असू दे.

हे सगळं आत्ताच का निघालं याचाही विचार केलास का? तू लिहितेस नणंदेचा जोडीदार लेट्यूसच्या कामावर आहे. नोव्हेंबरात सॅलिनासचा हंगाम संपतो आणि लेट्यूस ॲरिझोनातल्या यूमाला जातं, बरोबर माणसंही जातात, वसंतात परत येतात. यूमा सीमेला चिकटून आहे, त्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलची तपासणी नाकी आहेत. तो जायच्या आधी तिला हे मिटवायचं असेल. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण फार नाही.

म्हणून करायचं ते असं, आणि हे तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही लागू, म्हणजे ज्यांच्या शेजारी, ज्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरी, मुलाच्या वर्गात असं कुटुंब आहे त्यांनाही, कारण अमेरिकेत अशी ४० लाखांहून जास्त मुलं आहेत जी स्वतः नागरिक आणि आई किंवा बाप बिनकागदाचा. एका शनिवारी सॅलिनासला जा, मादरिनालाही बोलवा, सासू-सासरे असू देत. मुलीला अर्धा वेळ तरी टेबलाशी बसवा. पहिली रात्र कोण, पुढचे महिने कोण, पैसे कुठून, हे ठरवून आईबापाच्या सहीने लिहून ठेवा. एका फायलीत मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, औषधं-ॲलर्जी, मेडि-कॅल या सरकारी आरोग्यविम्याचे नंबर, वकिलाचा नंबर, आणि तो ॲफिडेव्हिट सही न करता भरलेला. सॅन होजेला मेक्सिकोचं वकिलात कार्यालय आहे, तिथे मुलांची मेक्सिकन नागरिक म्हणूनही नोंद होते, उद्या आईकडे जायची वेळ आली तर तिथे ती उपयोगी पडते. आणि धाकट्याचा अमेरिकन पासपोर्ट. १६ च्या आतल्या मुलाच्या पासपोर्टला आई आणि बाप दोघांची संमती लागते, एक जण समोर नसेल तर नोटरी केलेलं पत्र, आणि दोघांपैकी एकाला उचलल्यावर ते पत्र मिळवायला तुरुंगाच्या फेऱ्या माराव्या लागतात. वकिलाला विचारून हे काम तो यूमाला निघायच्या आत उरका, मुलीचंही त्याच दिवशी करून टाका, तीही अजून १६ ची नाही. नवऱ्याला सुट्टी काढून त्यांच्यासोबत जायला सांग, 'हो' त्यानेच म्हटलंय.